प्रगतिपुस्तकातला ‘ब-१’ नेमकं काय सांगतो?

एप्रिल संपत आला की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात पालक थांबतात आणि हमखास एकच प्रश्न विचारतात, “बाई, पोरगं पास हाय न्हवं?” मधली काही वर्षं याचं उत्तर सोपं होतं. पहिली ते आठवी सगळेच वर जायचे. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. तिच्यात ठरावीक गुण पडले नाहीत तर फेरपरीक्षा, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात, असा नियम आला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही स्वतःच्या अखत्यारीतल्या शाळांना असाच नियम लावला. त्याच सुमारास ‘समग्र प्रगतिपत्रक’ नावाचं नवं प्रगतिपुस्तकही येऊ घातलंय, ज्यात गुण कमी आणि वर्णन जास्त. एकीकडे परीक्षा कडक होतेय आणि दुसरीकडे गुण मागे सरतायत. सांगली जिल्ह्यात तासगाव, जतकडच्या शाळांत मी शिकवत आले. तिथले पालक विचारतात की सरकारला नक्की करायचंय तरी काय. त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जरा मुळापासून सांगावं लागतं.

## एक परीक्षा, तीन वेगळी कामं

परीक्षा हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या कामांना लावतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम म्हणजे मूल शिकत असताना त्याचं कुठं अडतंय ते बघणं. वर्गात विचारलेला प्रश्न, पाटीवरचं गणित, वाचायला उभं केलेलं मूल, गटात चाललेलं बोलणं, हे सगळं यात येतं. सरकारी कागदांत याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. दुसरं काम टप्पा संपल्यावर काय आलं याची नोंद करण्याचं. सत्र परीक्षा, वार्षिक परीक्षा, दहावीची बोर्डाची परीक्षा ही त्याची उदाहरणं. हे संकलित मूल्यमापन. मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये ही विभागणी मांडली आणि बेंजामिन ब्लूम यांनी ती मुलांच्या शिकण्याला लावली.

तिसरं काम निवडीचं. नवोदय, शिष्यवृत्ती, सातारच्या सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा ही यातली. सातारचं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. तिथं जागा मोजक्याच असतात, त्यामुळे बसलेली सगळी मुलं तयारीची असली तरी बऱ्याच जणांना बाहेर राहावं लागतं. या परीक्षेत ‘कोण पुढे’ एवढंच ठरतं. त्यात नंबर लागला नाही म्हणून मुलाला गणित येत नाही असा अर्थ काढणारे पालक मी खूप पाहिलेत, आणि त्या अर्थाचा भार वाहणारी मुलंही.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पहिल्या दोन कामांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. खरड छाटणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास तो पानांचे देठ प्रयोगशाळेत पाठवतो. पानदेठ परीक्षणाचा अहवाल आला की कुठलं अन्नद्रव्य कमी पडतंय ते कळतं आणि खताचा डोस बदलता येतो. माल उतरल्यावर काट्यावर जे वजन येतं तेही मोजमापच आहे. पण तेव्हा त्या हंगामासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, फक्त हिशोब होतो. शाळेलाही दोन्ही मोजमापं लागतात. घरात, गावात आणि पेपरात चर्चा मात्र काट्यावरच्या वजनाचीच चालते.

## ५२ उणे २७

वर्गात हे कसं दिसतं ते एका गणितावरून सांगते. तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्यावर ५२ − २७. उत्तर २५.

एका मुलीनं लिहिलं ३५. एका मुलानं ७९. तिसऱ्यानं २६. चाचणीत तिघांनाही शून्य. प्रगतिपुस्तकात तिघांच्याही नावापुढे तीच ओळ येते, ‘वजाबाकीचा सराव आवश्यक’.

आता प्रत्येकाला जवळ बसवून एवढंच म्हणायचं, “कसं केलंस, मला सांग बघू.” ३५ वाली मुलगी सांगते, “दोनातून सात जात न्हाईत, मग सातातून दोन घालवले. पाच. आणि पाचातून दोन गेले, तीन.” तिला वजाबाकी येते. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे, आणि त्यातला एक दशक मोडून सुटा करता येतो, हे तिला अजून दिसलेलं नाही. तिला काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत. एक गठ्ठा सोडला की बारा सुट्या काड्या समोर येतात, मग सात उचलणं तिला सहज जमतं.

७९ वाल्यानं बेरीज केली. पण त्यालाच विचारा, “आईनं बावन्न रुपये दिले, सत्तावीसचं तेल आणलं, परत किती द्यायचे?” तो थोडं थांबतो आणि म्हणतो, “पंचवीस.” दुकानात रोज जाणारं हे मूल. वजाबाकी त्याच्या डोक्यात पक्की आहे, पण वहीतल्या त्या आडव्या रेघेशी तिची गाठ पडलेली नाही.

२६ वाल्याची रीत अगदी बरोबर आहे. दशक मोडला, बारातून सात घालवायला बोटांवर उलटं मोजलं, फक्त मोजायला सुरुवात बारापासूनच केली : बारा, अकरा, दहा, नऊ, आठ, सात, सहा. सात बोटं संपली आणि हातात सहा उरले. सुरुवात अकरापासून करायची एवढंच त्याला दाखवायचं आहे. दोन मिनिटांचं काम.

या तिघांना ‘सराव आवश्यक’ म्हणून वीस वजाबाक्या घरी दिल्या तर काय होईल? ३५ वाली मुलगी तीच चुकीची रीत वीस वेळा घोटून पक्की करून येईल. आकारिक मूल्यमापन म्हणजे हे बोलणं, आणि त्यानंतर प्रत्येकासाठी केलेली वेगळी कृती. कृती झाली नाही तर त्याला मूल्यमापन म्हणायला माझं मन घेत नाही, मग त्याच्या नोंदी कितीही भरलेल्या असोत.

## मग हा ‘ब-१’ येतो कुठून?

महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यात पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३० टक्के. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल लहान असताना त्याच्या रोजच्या कामाला जास्त वजन आणि मोठं होत जाईल तसं परीक्षेला, असा त्यामागचा विचार. दोन्हींची बेरीज करून श्रेणी निघते. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१ आणि असंच खाली.

यात दोन गोष्टी लपतात. ७० आणि ७१ यांच्यात एका गुणाचा फरक, पण श्रेणी वेगळी. ७१ आणि ८० यांच्यात नऊ गुणांचा फरक, पण श्रेणी एकच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मराठीत ब-१ मिळालेली एक मुलगी खडखडीत वाचते, पण स्वतःच्या मनाने दोन वाक्यांपुढे लिहीत नाही. ब-१ च मिळालेला दुसरा मुलगा सुंदर लिहितो, पण चारचौघांत उभं केलं की तोंडातून शब्द फुटत नाही. बेरजेत दोघं सारखे झाले.

ही उणीव भरून काढायला प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींची जागा ठेवली आहे : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. पण पुढे व्हॉट्सॲपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘गृहपाठ वेळेवर करतो.’ ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो.’ ‘अक्षर वळणदार काढते.’ एका वर्गातल्या पाच-सहा मुलांची प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवून बघा, नावं झाकली तर कुणाचं कुठलं ते आईलाही ओळखता येणार नाही. ‘ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते, लिहिताना दोन वाक्यांवर थांबते’ या एका ओळीत आईला, पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला आणि खुद्द मुलीला काय करायचं ते कळतं.

## २०१९ साली मुलं अचानक कच्ची झाली होती का?

आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे समजायला दहावीचे तीन निकाल पुरेसे आहेत. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला. २०२० मध्ये ९५.३० झाला.

एका वर्षात बारा टक्क्यांनी कच्ची झालेली मुलं पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं काही घडलं नव्हतं. २०१९ च्या बॅचला नवा अभ्यासक्रम होता. शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेने द्यायचे २० गुण बंद करून पूर्ण १०० गुणांचा लेखी पेपर ठेवला होता. निकाल पडल्यावर आरडाओरडा झाला आणि पुढच्या बॅचसाठी ८०-२० ची रचना परत आणली. २०२० मध्ये तर लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. मोजण्याची पट्टी बदलली तेव्हा उंची बदललेली दिसली. म्हणून एका वर्षाच्या टक्क्यांची दुसऱ्या वर्षाशी तुलना करून “आमच्या वेळी पोरं हुशार होती” किंवा “आता गुण वाटतात” असं म्हणण्याआधी पट्टी तीच होती का, हे विचारावं.

## पाचवी-आठवीला बदललं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १६ ने आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला मागे ठेवायला मनाई केली. त्याच कायद्याच्या कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितलं. ही दोन कलमं एका जोडीची होती. मुलाला नापास करायचं नाही, कारण त्याची अडचण वर्षभर शोधून त्या-त्या वेळी दूर करायची आहे. लोकांपर्यंत पहिलं अर्धंच पोचलं आणि ‘ढकलपास’ हा शब्द रूढ झाला. खरं सांगायचं तर बऱ्याच शाळांतही पहिलं अर्धंच पोचलं.

२०१९ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने ठेवायचं ठरवलं. पाचवीला विषयाला ५० गुणांची परीक्षा, आठवीला ६० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के. नापास झाल्यास जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कायद्यात तसंच आहे.

या नियमाचं सगळं मोल त्या दोन महिन्यांत आहे. ते महिने येतात मे-जूनमध्ये. शाळेला सुट्टी, गावोगावी यात्रा आणि लग्नसराई, शिक्षकही आपापल्या गावी. अशा वेळी ज्या मुलाला भागाकार येत नाही, त्याला कोण, कुठं बसवून शिकवणार, याची सोय शाळेने आणि पालकांनी मिळून केली नाही तर फेरपरीक्षा म्हणजे तोच पेपर तशाच अवस्थेत पुन्हा लिहिणं. आणि त्याच वर्गात आणखी एक वर्ष बसवून तेच धडे त्याच पद्धतीने शिकवले तर मुलाला नवं काय मिळणार? मिळते ती धाकट्या भावंडाबरोबर एका बाकावर बसण्याची लाज. आठवीच्या मुलीच्या बाबतीत तर घरात “पुरं झालं आता” असं कुणीतरी म्हणायला तेवढं निमित्त पुरतं. मला या नियमाची काळजी वाटते ती एवढ्यासाठी.

## ‘गुण नसले तर पोरं अभ्यासच करायची नाहीत’

ही हरकत सगळ्यात जास्त ऐकू येते आणि तिच्यात तथ्य आहे. विचारणारं कुणी नसेल तर मोठी माणसंही सैल पडतात. पण विचारणं आणि गुण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या कामाची तपासणी करून काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांसारखीच राहिली. वर्गात वह्या परत दिल्यावर काय होतं ते आठवलं की याचं नवल वाटत नाही. मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं, आणि वही दप्तरात जाते. कष्टानं लिहिलेला शेरा कुणी वाचतच नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर उतारा न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. आठवायला लावल्याने आठवण पक्की होते. म्हणजे चाचणी ही शिकण्याचंच एक साधन आहे. “वह्या मिटा आणि काल काय शिकलो ते आठवेल तसं लिहा” एवढीच चाचणी रोज पाच मिनिटं घेतली तरी पुष्कळ. ती तपासून गुण द्यायची गरज नाही आणि तिची भीतीही कुणाला वाटत नाही. परीक्षा कमी करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लहान लहान चाचण्या वाढाव्यात, त्यांच्यावरचा आकडा मात्र गेला तर बरं.

## ‘बाईंच्या मर्जीवर गुण कसे सोडायचे?’

पालकांना ही धास्ती असते की शिक्षकाच्या निरीक्षणाला महत्त्व दिलं तर वशिला आणि आवड-नावड आत येईल. पेपर म्हणजे कसा रोखठोक.

पेपर तितका रोखठोक नसतो. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा गुणांत प्रचंड तफावत निघाली. टीकाकार म्हणाले, भाषेत असं होणारच. मग १९१३ मध्ये त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका दिली. तिथं तफावत आणखी मोठी निघाली : कुणी शंभरात तीसच्या खाली गुण दिले, कुणी नव्वदच्या वर. पायऱ्यांना गुण द्यायचे की उत्तराला, नीटनेटकेपणाचे कापायचे की नाही, हे प्रत्येकाने मनाशी ठरवलं होतं.

त्याच कामाला कुणीही, कधीही तपासलं तरी साधारण तेवढेच गुण पडावेत, याला विश्वसनीयता म्हणतात. ती येते ती आधी निकष ठरवल्याने, आणि हे शिक्षकाच्या निरीक्षणालाही लागू आहे. ‘प्रकट वाचन चांगले’ ही मर्जी झाली. ‘अक्षर-अक्षर जोडून वाचतो’, ‘शब्द-शब्द तोडून वाचतो’, ‘सलग वाचतो पण अर्थ सांगत नाही’, ‘सलग वाचून अर्थ सांगतो’ अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या तर पलूसच्या आणि पाटणच्या शिक्षकाचं मत बऱ्यापैकी जुळेल. हे निकष मुलांनाही आधीच सांगावेत. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे चौथीचं मूल स्वतः ओळखतं, आणि बहुतेक वेळा अचूक ओळखतं.

## जतमधलं शाब्दिक उदाहरण

जत तालुक्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या भागात बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत तशीच मराठी शाळेत आलेली कन्नडभाषक मुलंही आहेत. अशा एका मुलीपुढे गणिताचा पेपर येतो : ‘एका व्यापाऱ्याने प्रत्येकी १२ डाळिंबांच्या ८ पेट्या विकल्या. शिल्लक १५ डाळिंबे राहिली, तर त्याच्याकडे सुरुवातीला किती डाळिंबे होती?’ तिला बारा आठे शहाण्णव तोंडपाठ आहे, बेरीज पक्की आहे. ‘प्रत्येकी’ आणि ‘शिल्लक’ या दोन शब्दांवर ती अडते आणि पान कोरं ठेवते.

तिला गणितात शून्य पडलं, पण त्या प्रश्नाने तिची तपासली ती मराठी. जे तपासायचं म्हणून परीक्षा घेतली तेच तपासलं गेलं का, याला सप्रमाणता म्हणतात. ही अडचण कन्नड घरांपुरती नाही. माणदेशातल्या बोलीत वाढलेल्या मुलालाही पुस्तकी मराठी परकीच वाटते. पेपर काढताना एवढं बघितलं तरी फरक पडतो की गणिताच्या प्रश्नात भाषेचा अडथळा किती आहे, आणि इतिहासाच्या प्रश्नात नुसत्या पाठांतराची परीक्षा किती आहे.

## ‘असर’, ‘परख’ आणि पेपरातल्या बातम्या

‘पाचवीच्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही’ ही बातमी दर एक-दोन वर्षांनी येते. ती ‘असर’ या पाहणीतून येते. प्रथम ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ती करते. मुलासमोर एक कागद ठेवतात, त्यावर अक्षरं, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि एक गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं ते बघतात. देशभरात पाचवीतली साधारण निम्मी मुलंच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकतात, असं चित्र तिच्यात वर्षानुवर्षं दिसत आलंय. सरकारी पाहणी वेगळी असते. १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेने तिसरी, सहावी आणि नववीची पाहणी केली.

या पाहण्या निवडक मुलांच्या नमुन्यावर होतात. त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र समजतं. तुमचं मूल त्यात कुठं आहे ते समजत नाही, आणि ते त्यांचं कामही नव्हे. सातारा पुढे की सांगली, अशा बातम्यांनी घराघरातल्या मुलाचं काहीच ठरत नाही.

धोका वेगळाच आहे. डोनाल्ड कॅम्पबेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बजावून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून राहतील तितका तो आकडा बिघडत जातो, आणि ज्याचं मोजमाप करायला तो आला तेही बिघडवतो. पाहणीच्या आधी महिनाभर फक्त पर्यायी प्रश्नांचा सराव घेणाऱ्या शाळा हे याचंच उदाहरण. गोल रंगवायचं कौशल्य वाढतं आणि वाचन तिथंच राहतं.

‘असर’चा तो कागद मात्र प्रत्येक शिक्षकाने वापरावा असा आहे. दहा मिनिटांत मूल कुठं आहे ते कळतं, आणि तेही मुलाला न घाबरवता.

## ‘शिक्षकाला एवढा वेळ कुठंय?’

ही हरकत मला सगळ्यात खरी वाटते. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळा सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरी भागात आणि जतच्या वाड्या-वस्त्यांवर, भरपूर आहेत. त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचं पुष्कळ ठिकाणी काय झालं? प्रत्येक साधनाचा वेगळा तक्ता, आणि वर्षाअखेरीस एका बैठकीत भरलेले रकाने. मूल बघायचा वेळ कागदाने खाल्ला.

तरी हे जमतंच नाही असं म्हणता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा याच साध्या शाळा होत्या. ज्ञानरचनावादी पद्धतीने तिथली मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर, काड्या-मणी-शब्दपट्ट्या घेऊन स्वतः शिकायला लागली आणि त्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. तिथं वेळ कसा मिळाला याचं उत्तर वर्गाच्या रचनेत आहे. मुलं गटात कामाला लागलेली असली की शिक्षक मोकळा होतो आणि एकेकाजवळ बसू शकतो. ज्या वर्गात बाई सतत फळ्यापाशी उभ्या आणि मुलं सतत उतरवून घेतायत, तिथं निरीक्षणाला वेळ कधीच मिळणार नाही.

दुसरं, सगळ्यांचं सगळं रोज लिहायची गरज नाही. एक साधी वही, रोज चार-पाच मुलं, प्रत्येकाची एक ओळ. महिन्यात सगळा वर्ग दोन-तीनदा फिरून होतो. अधिकाऱ्यांनीही तपासणीला आल्यावर रकाने बघण्याऐवजी एखाद्या मुलाचं नाव घेऊन “याला आता पुढं काय शिकवणार?” असं विचारलं, तर त्या वहीला आपोआप किंमत येईल.

समग्र प्रगतिपत्रकाचं भवितव्यही यावरच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ते आलं. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालकही मत नोंदवतात. कल्पना मला मनापासून आवडते. पण तेही एप्रिलमध्ये एका बैठकीत भरलं गेलं तर त्याचीही पीडीएफ फिरेल.

## प्रगतिपुस्तक हातात आल्यावर

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आपल्या भागात येणाऱ्या टोळ्यांबरोबर मुलं येतात. वाळवा, कराड, फलटणच्या फडांजवळच्या शाळांत ती नोव्हेंबरात दाखल होतात आणि मार्च-एप्रिलात निघून जातात. कायद्याने त्यांना वयाला साजेशा वर्गात घ्यावंच लागतं, आणि घ्यायलाच हवं. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. त्यावरून वर्ग कळतो, पण मूल कुठपर्यंत वाचतं आणि कुठली गणितं करतं हे नव्या शिक्षकाला कळत नाही. म्हणून तो पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि मूल दर वर्षी तेच पहिले चार धडे शिकतं. पाठवणाऱ्या शाळेने कार्डाबरोबर दोन ओळी लिहून दिल्या तर या मुलांचे दोन महिने वाचतील. वर्णनात्मक नोंदीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर या मुलांना आहे.

ज्यांची मुलं एकाच शाळेत वर्षभर शिकतात त्यांना तर समोरासमोर विचारता येतं. पालकसभेत “किती पडले?” हे विचारून झालं की आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : “आमच्या मुलाचं नेमकं कुठं अडतं?” आणि “त्यासाठी पुढच्या महिन्यात तुम्ही काय करणार, आम्ही घरी काय करू?” उत्तरपत्रिका दाखवा म्हणावं. संकोच करू नये, आपल्या मुलाने लिहिलेली ती आहे. पाचवी-आठवीचं मूल फेरपरीक्षेला बसणार असेल तर तारीख विचारण्याआधी जादा तास कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कोण घेणार हे विचारावं, आणि मुलाला त्या दिवसांत आजोळी धाडू नये.